टक-टक करणारा स्टॅबिलायझर: एका घरगुती कॉम्प्युटरचं प्रकरण

वाळवा तालुक्यातल्या एका गावात, डीपीपासून निघालेल्या लाईनच्या शेवटच्या खांबावर एका निवृत्त गुरुजींचं घर आहे. त्यांच्या सूनबाई घरी बसून आसपासच्या दुकानदारांची जीएसटीची कामं करतात. महिन्याची 20 तारीख जवळ आली की त्या रात्री दहा-साडेदहापर्यंत कॉम्प्युटरवर असतात. तक्रार त्यांचीच होती: "भाऊजी, संध्याकाळ झाली की कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू होतो. दिवसा काही नाही."

मी पोचायच्या आधी जवळच्या बाजारगावातला एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने रॅम काढून खोडरबराने घासली. फरक पडला नाही, म्हणून विंडोज फॉरमॅट मारली. तरी नाही, म्हणून नवीन एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा, बसवला. साडेपंधराशे रुपये गेले आणि कॉम्प्युटर होता तसाच. त्याला मी नावं ठेवणार नाही. आपोआप रीस्टार्ट म्हटलं की आम्हा दुरुस्तीवाल्यांपैकी नव्वद टक्के लोक याच क्रमाने जातात, कारण रॅम आणि एसएमपीएस हाताला लगेच लागतात.

टेबलाखाली जोडणी अशी होती. भिंतीतल्या सॉकेटमधून स्टॅबिलायझर, त्याच्या आउटपुटवर एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या बोर्डावर टॉवर, मॉनिटर, राउटर आणि लेझर प्रिंटर. स्टॅबिलायझर 500 व्हीएचा, रिलेवाला (म्हणजे विजेवर आपोआप बदलणाऱ्या खटक्यांनी दाब सावरणारा), नऊ वर्षांपूर्वी घेतलेला. पुढे काट्याचा व्होल्टमीटर, शेजारी इनपुट-आउटपुट बघायचा खटका. यूपीएससुद्धा होता, पण बॅटरी गेली म्हणून दोन वर्षांपासून कॉटखाली पडून होता.

गुरुजींचं निदान तयारच होतं. "होल्टेज नाही रे बाबा इथं. संध्याकाळी 180 वर येतंय. बिचारा स्टॅबिलायझर किती ओढणार? सारखा टक-टक करतोय, काम करतोय तोवर ठीक आहे."

हे "काम करतोय" वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

पहिली फेरी, आणि माझी चूक

शेवटचा खांब, संध्याकाळची वेळ, वर-खाली होणारा दाब. मी सरळ न्यूट्रलकडे गेलो. थ्री फेजच्या लाईनवर न्यूट्रल ढिला झाला की एका घरात 170 आणि शेजारी 270 असा खेळ सुरू होतो. तो तुटलाच तर फेज-न्यूट्रलमध्ये 400 च्या जवळपास दाब येऊन अख्ख्या गल्लीचे टीव्ही जातात. त्यामुळे आधी ते बघणं योग्यच होतं. मीटरपेटीतली किटकॅट फ्यूज ओढली, मेन स्विच उघडला, तर न्यूट्रलच्या स्क्रूखालची तार काळपटलेली आणि प्लास्टिक थोडं वितळलेलं. सापडला चोर, असं वाटलं. तार कापून नवीन टोक काढलं, लग लावला, स्क्रू घट्ट केला. अर्थिंग-न्यूट्रलमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे चांगलं. चहा घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला फोन. "भाऊजी, परत तेच."

तो न्यूट्रल खरंच खराब होता आणि आज ना उद्या त्याने त्रास दिलाच असता. पण या रोगाचं ते कारण नव्हतं. पहिला दोष सापडला की शोध थांबवायचा, ही सवय मला अजून सुटलेली नाही.

कॉम्प्युटरने स्वतःच लिहून ठेवलेली वही

दुसऱ्या फेरीत स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. नीट शटडाउन न होता मशीन परत सुरू झालं की विंडोज तिथे 'कर्नल-पॉवर', आयडी 41 अशी नोंद टाकते. फॉरमॅट मारून बारा दिवस झाले होते आणि तेवढ्यात 31 नोंदी होत्या. वहिनींना म्हटलं, वेळा वाचून सांगा, मी लिहितो.

लिहिता लिहिता दोघेही गप्प झालो. नोंदी संध्याकाळभर पसरलेल्या नव्हत्याच. त्यांचे दोन गठ्ठे होते: एक साधारण पावणेसात ते सव्वासात, दुसरा पावणेदहा ते सव्वादहा. आठ ते साडेनऊच्या मध्ये, म्हणजे दाब सगळ्यात कमी असतो तेव्हा, बारा दिवसांत फक्त एक नोंद. तीही लाईट गेली होती त्या दिवसाची.

कमी व्होल्टेज हेच कारण असतं तर नेमकं उलट दिसायला हवं होतं.

वहिनींना एक स्वस्तातला डिजिटल मीटर वापरायला दिला आणि भिंतीच्या सॉकेटमधला दाब दर अर्ध्या तासाने वहीत उतरवायला सांगितलं. तीन संध्याकाळचे आकडे जवळजवळ सारखे आले. साडेसहाला 216, सातला 204, साडेसातला 190, आठ ते साडेनऊ 184 ते 187, दहाला 203, साडेदहाला 219. गल्लीतले दिवे, टीव्ही, पिठाची गिरणी आणि नळपाण्याची मोटर एकदम चालू होतात, एकेक करून बंद होतात. शेवटच्या खांबावर हे चढ-उतार सगळ्यात जास्त जाणवतात. नियमाने 230 च्या 6 टक्के वर-खाली, म्हणजे 216 ते 244 मिळायला पाहिजे. ते मिळत नाही, हा वेगळा विषय.

आता दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. कॉम्प्युटर 185 ला चालतो, 220 ला चालतो. 200 ते 215 च्या पट्ट्यातून दाब खाली जाताना आणि वर येताना मात्र तो पडतो. आणि वहिनी सहज म्हणाल्या, "टक-टक पण तेव्हाच जास्त असते की."

बल्ब

त्या दिवशी मी मुद्दाम पावणेसातला थांबलो. स्टॅबिलायझरच्या आउटपुटवर मीटर लावला: 229, 231, 208, 230. आकडे वाईट म्हणावेत असे नाहीत. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे मधल्या काही मिलिसेकंदांत काय झालं ते त्याला कळत नाही. म्हणून बोर्डावर 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. फिलामेंटचा बल्ब अशा कामाला मीटरपेक्षा प्रामाणिक. एलईडी बल्ब चालत नाही, त्याच्या आतला ड्रायव्हर खड्डे भरून काढतो.

सहा पन्नासला टक-टक सुरू झाली. सेकंदाला तीन-चारदा, आणि प्रत्येक टकेला बल्ब लवत होता. काही वेळा नुसताच उजळ-मंद, पण मधूनच एकदा असा झपकन गेला की खोलीतली सावली हलली. त्याच क्षणी कॉम्प्युटर पडला. गुरुजी दारात उभे होते. त्यांनाही दिसलं.

मग त्याच वेळी कॉम्प्युटरची पिन स्टॅबिलायझरमधून काढून सरळ भिंतीत घातली. दाब 207. पुढची पंधरा मिनिटं एकही रीस्टार्ट नाही. परत स्टॅबिलायझरवर घेतला, चार मिनिटांत पडला. परत भिंतीत, काही नाही. हा अदलाबदलीचा प्रयोग पहिल्याच दिवशी केला असता तर एवढी पायपीट वाचली असती. अर्थात तो याच पट्ट्यात करायचा. या नव्या एसएमपीएसवर इनपुट 200 ते 240 लिहिलं होतं, म्हणून 185 ला सरळ भिंतीवर चालवून बघायचा मोह मी टाळला.

टक-टक आणि रीस्टार्टचा संबंध इथे दोन शब्दांत सांगायला हवा. एसएमपीएसमध्ये आलेला एसी आधी डीसी होतो आणि मोठ्या कंडेन्सरमध्ये साठतो. 230 ला तो साठा सुमारे 320 व्होल्टचा असतो. वीज क्षणभर गेली तर त्या साठ्यावर मशीन तग धरतं. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण लोडवरही साधारण 16 मिलिसेकंद धरावं अशी अपेक्षा असते. स्टॅबिलायझरमधला रिले ट्रान्सफॉर्मरच्या एका टॅपवरून, म्हणजे गुंडाळीतून काढलेल्या एका टोकावरून, दुसऱ्यावर जाताना मध्ये काही मिलिसेकंद दोन्हीकडचा संपर्क सुटलेला असतो. एका बदलाने काही होत नाही. पण रिले फडफडायला लागला, किंवा त्याचा संपर्काचा पॉइंट नीट बसेना, तर खंड लांबतो आणि साठा भरायच्या आत पुढचा खंड येतो. मग एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड'चा इशारा मागे घेतो आणि मशीन रीसेट होतं. तिथे रॅमचा आणि विंडोजचा काय संबंध!

पेटी उघडल्यावर

स्टॅबिलायझर दुकानात आणला. आत नेहमीचंच: टॅप काढलेला ऑटोट्रान्सफॉर्मर, निळ्या-काळ्या चौकोनी 12 व्होल्टच्या तीन रिले आणि एलएम324 आयसीवाली छोटी पीसीबी, म्हणजे दाब बघून रिले चालवणारं सर्किटचं कार्ड. एक रिले बूस्ट (दाब वाढवून देणं) आणि नॉर्मल (आला तसा देणं) यांच्यात बदल करते, दुसरी दाब जास्त झाला की खाली आणते, तिसरी प्रमाणाबाहेर गेला की आउटपुट तोडते. इनपुटचा दाब किती आहे हे पीसीबीला कळतं ते त्याच छोट्या डीसी सप्लायवरून, ज्यावर रिलेची कॉइल चालते. वेगळा सप्लाय नाही. स्वस्तातल्या बहुतेक पेट्या अशाच असतात, आणि गोम इथेच आहे.

घरी कुणी पेटी उघडणार असेल तर एक लक्षात ठेवा. ऑटोट्रान्सफॉर्मर मेनपासून काही वेगळं करत नाही. आतली प्रत्येक तार, पीसीबीचा प्रत्येक ट्रॅक जिवंत आहे असंच धरायचं. मीही आधी सिरीज बोर्डवरच (मध्ये बल्ब जोडलेल्या बोर्डवर) लावतो.

डिमरस्टॅटवर, म्हणजे दाब हवा तसा कमी-जास्त करायच्या यंत्रावर, 160 पासून हळूहळू दाब वाढवत गेलो. 197 पर्यंत बूस्ट, शांत. 197 ला टक-टक सुरू, ती थेट 214 पर्यंत. त्यानंतर नॉर्मल, परत शांत. घरच्या वहीतला पट्टा टेबलावर जसाच्या तसा उमटला.

डीसी सप्लायच्या फिल्टर कंडेन्सरवर मीटर एसी रेंजला लावला: 2.2 व्होल्ट. इथे पाव-अर्धा व्होल्ट लहर, म्हणजे डीसीवर उरलेला चढ-उतार, असावी. कंडेन्सर काढला. अंगावर 470 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट, 85 डिग्री लिहिलेलं. मीटरवर 58. वरून फुगलेला नाही, गळलेला नाही, दिसायला अगदी नवाकोरा. पण तो ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला जवळजवळ चिकटून बसवलेला होता. नऊ वर्षं शेकून आतून वाळून गेला.

आता गंमत बघा. दाब 197 च्या वर गेला की पीसीबी ठरवते, बूस्ट नको, आणि रिलेच्या कॉइलला सप्लाय देते. कॉइल 30 मिलिॲम्पिअर ओढते. कंडेन्सर धड असता तर एवढ्याने सप्लाय जेमतेम पाव व्होल्ट बसला असता, आणि तेवढी ढील सर्किटमध्ये ठेवलेली असते. वाळलेल्या कंडेन्सरवर तो सव्वा व्होल्टच्या आसपास बसतो. पीसीबीला वाटतं, मेनचा दाबच पडला. ती कॉइल सोडते. कॉइल सुटली की सप्लाय परत वर, पीसीबीला वाटतं दाब आला, ती कॉइल परत ओढते. स्वतःच्याच सावलीला घाबरून मागे-पुढे करणाऱ्या बैलासारखं. मेनचा दाब 205 वर स्थिर असला तरी हे चालूच राहतं.

बूस्टच्या रिलेचं झाकण ब्लेडने कापून काढलं. आत दोन चांदीचे ठिपके समोरासमोर असतात. एकावर खड्डा पडला होता आणि दुसऱ्यावर त्याच मापाचा उंचवटा. भोवती काजळी धरलेली. बोटाने दाबला तर टोकाला टेकत होता, पण सपाट बसत नव्हता. दिवसाला हजारो वेळा लोडवर उघडझाप केल्यावर आणखी काय होणार? त्यात लेझर प्रिंटर. त्याचा आतला हीटर गरम होताना काही सेकंद तीन-चार ॲम्पिअर ओढतो, आणि 500 व्हीएची पेटी म्हणजे 230 ला सव्वादोन ॲम्पिअरची. जीएसटीची पानं छापताना रोज त्या पॉइंटवर ठिणग्या पडत होत्या.

वहिनींना विचारल्यावर हिशोब जुळला. टक-टक वर्षभर होती, रीस्टार्ट मात्र दोन-अडीच महिन्यांपासून. कंडेन्सर वाळल्यामुळे रिले फडफडायला लागला. तेव्हा पॉइंट चांगले होते, म्हणून कॉम्प्युटर ते सगळं पचवत होता. फडफडून फडफडून पॉइंट जळाले, खंड लांबले, मग कॉम्प्युटर पडायला लागला. नुसता रिले बदलला असता तर दोन-चार महिने बरं वाटलं असतं आणि पुन्हा तेच. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पूर्वी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे मी तेच केलेलं आहे.

नवीन कंडेन्सर 470 चाच, पण 35 व्होल्ट आणि 105 डिग्रीचा घातला. पाय लांब ठेवून आडवा, ट्रान्सफॉर्मरपासून दूर. बूस्टची रिले बदलली आणि तिच्याबरोबर शेजारचीही. सगळं सामान ऐंशी रुपयांच्या आत.

आणि डिमरस्टॅटवर लावलं तर पेटी 170 लाच बूस्ट सोडायला लागली!

दोन मिनिटं कळेना. मग प्रीसेटकडे, म्हणजे बूस्ट कोणत्या दाबाला सोडायचं ते ठरवणाऱ्या बारक्या स्क्रूकडे, नीट पाहिलं. कंपनीने त्यावर लाल लाख लावलेली असते, ती तुटलेली होती आणि खाचेत स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा. घरी फोन केला. गुरुजींना आठवलं: "हां, दोन वर्षांमागं आउटपुट 250-260 दाखवत होता. एकानं आतला बारका स्क्रू फिरवला, झाला बरोबर." म्हणजे कंडेन्सर तेव्हापासूनच वाळत होता. सप्लाय कमी भासल्यामुळे पेटी 225 लाही बूस्ट करत होती आणि त्या माणसाने प्रीसेट फिरवून तो फरक झाकला. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. एक दुरुस्त केल्यावर दुसरी उघडी पडली. म्हणून कंडेन्सर बदलल्यावर पेटी डिमरस्टॅटवर परत लावणं आवश्यकच आहे, नाहीतर संध्याकाळी 184 ला आउटपुटही 184 च मिळालं असतं आणि सगळं खापर माझ्यावर फुटलं असतं. प्रीसेट फिरवून वर जाताना 198 आणि खाली येताना 192 वर आणला. नेलपॉलिशचा थेंब लावून बंद केला. कंडेन्सरवरची लहर आता 0.4.

दोन तास 100 वॅटच्या बल्बवर चालवली, दाब 190 ते 215 मध्ये वर-खाली करत राहिलो. वर जाताना एक टक, खाली येताना एक टक.

परत बसवताना लेझर प्रिंटरची पिन स्टॅबिलायझरमधून काढून भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला दिली. वहिनींनी कॉटखालच्या यूपीएसचं विचारलं. 12 व्होल्ट 7 एएचची नवी बॅटरी घातली की तो चालेल. लाईट गेल्यावर काम वाचवायला यूपीएसच लागतो, स्टॅबिलायझर तिथे काही करू शकत नाही. फक्त या घरातला यूपीएस स्वतःच बूस्ट करणारा आहे, तेव्हा तो आला की स्टॅबिलायझर मधून काढून टाका, असं सांगून ठेवलं. दोन रिलेवाली यंत्रं एकामागे एक लावली की पहिल्याच्या प्रत्येक टकेला दुसरं बॅटरीवर जाऊ शकतं, आणि नवी बॅटरी फुकट झिजते.

नंतरच्या बारा दिवसांचा इव्हेंट व्ह्यूअर वहिनींनी फोटो काढून पाठवला. 41 ची एक नोंद, तीसुद्धा लाईट गेल्याची.

गुरुजींचा फोन मात्र बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता, साडेसात वाजता, जरा काळजीच्या सुरात. "अरे, त्याचा आवाजच येईना झालाय बघ. बंद पडला का काय?"

म्हटलं, "गुरुजी, खटका आउटपुटवर करा आणि काटा कुठे आहे ते सांगा."

चष्मा शोधायला थोडा वेळ गेला. "दोनशे पंधराच्या आसपास."

"आता इनपुटवर."

"एकशे सत्त्याऐंशी."